साडेसहा ते आठ

दारू सोडायची म्हटलं की लोक दोन सल्ले हमखास देतात. एखाद्या महाराजांकडे जा, नाहीतर व्यायामाला लाग. महाराजांचं मला माहीत नाही. व्यायामाबद्दल मात्र बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण मी दारू शिकलो तीच मुळी मैदानावर.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात कबड्डीचं मंडळ होतं, अजून आहे. मी डावा कोपरा सांभाळायचो. सामना जिंकला की रात्री मटणाचं जेवण आणि 'सोय', हरला की दुःख विसरायला जेवण आणि सोय. सोय करणारे पुढारी बदलायचे, जेवण तेच. आमचे एक जुने खेळाडू आम्हाला शिकवायचे. ते सांगत, "रात्री जास्त झाली तर सकाळी मैदानाला दोन फेऱ्या जादा मारा, घामावाटे निघून जाते." आम्ही मारायचो. पुढे डॉक्टरांनी समजावलं की दारूचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृतच मोडतं. घाम, श्वास आणि लघवी या तिन्ही वाटांनी मिळून थोडीशीच बाहेर पडते. यकृताचा वेग ठरलेला असतो, पळाल्याने तो वाढत नाही. शरीरातलं पाणी कमी होतं, तेवढंच.

त्यामुळे 'पोरगं मैदानावर जातं, ते बिघडणार नाही' हे ऐकलं की मला हसू येतं. खेळणाऱ्या मुलांवरचे परदेशातले बरेच अभ्यास एकत्र मांडले गेलेत. त्यातून असं दिसलं की ही मुलं इतर नशांपासून जरा लांब राहतात, पण दारूचं प्रमाण त्यांच्यात उलट जास्तच निघतं. आमच्या मंडळातल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच कळलं असतं.

गुडघा गेला, खेळ सुटला, जेवणं सुटली नाहीत. एमआयडीसीत मी टर्नर. आमच्या कामात मायक्रोमीटर हातात धरून शतांश मिलिमीटर वाचायचा असतो. शेवटच्या वर्षी सकाळी माझा हात असा हलायचा, की रॅचेटचा टिकटिक आवाज येऊन गेला तरी रेघ कुठे थांबली ते दिसत नसे. मग शिफ्टला जायच्या आधी थोडी घेतली की हात स्थिर व्हायचा. आनंदासाठी पिणं केव्हाच संपलं होतं, आता मापं घेता यावीत म्हणून पीत होतो. एके दिवशी सुपरवायझरने मशिनवरून उठवलं. संध्याकाळी बायको आणि तिचा भाऊ मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण व्यायामाचा सल्ला देणारे ती विसरतात. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास काही जण भ्रमात जातात, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाहीत. या अवस्थेत जीवही जातो. अशा वेळी 'चल, जरा पळून ये, बरं वाटेल' म्हणणं म्हणजे माणसाला मारणं. मला भरती केलं, मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि त्या ठरावीक दिवसांत उतरवत बंद केल्या. बी-वनची इंजेक्शनं दिली, कारण दारूने या जीवनसत्त्वाचा खडखडाट झालेला असतो आणि त्यापायी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ईसीजी काढला. पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा टेकवून विचारलं, "कळतंय का?" मला अर्धवटच कळत होतं. दारूने पायाच्या नसाही जातात, हे तेव्हा समजलं.

मी जुना खेळाडू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा बरं वाटायला लागलं तसा कॉटच्या बाजूला जोर काढायला वाकलो. सिस्टर ओरडल्याच. डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, "वॉर्डपासून जेवणाच्या हॉलपर्यंत चालायचं. सध्या तोच तुमचा व्यायाम."

पुढच्या आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथला दिवस सहाला सुरू व्हायचा. हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या असत आणि फरशीला फिनेलचा वास. शिकवणारे सर स्वतःही कधीकाळी तिथेच पेशंट होते. पहिल्या सूर्यनमस्कारात हात वर करून मागे वाकलो तिथवर ठीक होतं. पुढे वाकून हात टेकले तर डोळ्यांपुढे काळं आलं. पर्वतासनात दोन्ही दंड लटलट कापायला लागले. खाली साष्टांगात छाती आणि हनुवटी टेकली आणि मी तिथेच राहिलो. नाक सतरंजीत, वर उठायचं बळ नाही. शेजारी एक विशीचा पोरगा होता, गांजावाला, तो हसला नाही. त्याचेही हात तसेच हलत होते. सर जवळ बसले आणि म्हणाले, "दादा, उद्यापासून खुर्ची. खुर्चीवर बसून हात वर, हात खाली. कबड्डी नंतर बघू." एके काळी दीडशे बैठका मारणाऱ्या माणसाला खुर्ची. पण खुर्चीवर मी रोज बसलो, कारण तेवढंच जमत होतं आणि जमल्यावर दिवसभर जरा माणसात आल्यासारखं वाटायचं.

केंद्रात व्यायामाने नक्की काय दिलं, असं विचाराल तर पहिलं नाव झोपेचं घेईन. दारू सुटल्यावर सुरुवातीचे कित्येक आठवडे झोपेची वाट लागलेली असते. दोनला डोळा उघडतो, मग पहाटेपर्यंत छताकडे बघायचं आणि नको नको ते आठवायचं. शरीर दमलं की निदान चार तास सलग मिळत. दुसरं, भूक. ती दोन्ही आल्यावर माणूस समुपदेशनात काय बोलतात ते ऐकू शकतो. त्याआधी कानावरून जातं.

समुपदेशक ताईंनी सुट्टी व्हायच्या आठवड्यात एक कागद समोर ठेवला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचे तास आखलेले. म्हणाल्या, "कुठल्या तासाला प्यायची आठवण येते, तिथे लाल पेन मारा." मी सकाळच्या डोसावर एक रेघ मारली, आणि साडेसहा ते आठ हा चौकोन पूर्ण रंगवला. शिफ्ट साडेतीनला सुटते, घरी येऊन थोडा पडतो, चहा होतो, आणि दिवेलागणीला पाय आपोआप चपलेकडे जातात. वर्षानुवर्षांची सवय. ताईंनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि वेगळं काही बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर मी सगळ्यांसारखंच केलं. पहाटे उठून अजिंक्यतारा. साताऱ्यात सकाळी किल्ला चढणारे खूप. डॉक्टर, मास्तर, पेन्शनर, पोलीस भरतीची पोरं, सगळे वाटेत भेटतात, राम राम होतो. वर गेलं की एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला सज्जनगड. छान वाटायचं, खोटं कशाला बोलू. खाली आलो की दुपारपर्यंत छाती पुढे. आणि संध्याकाळी साडेसहाला तीच ओढ, तितक्याच जोराने. सकाळच्या व्यायामाची पुण्याई तोवर आटलेली असायची. उलट मन वकिली करायचं की सकाळी एवढा किल्ला चढलास, आता एक क्वार्टर तर चालेल.

फॉलोअपला ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तो कागद मागितला. मी घरी विसरलो होतो. त्या म्हणाल्या, "औषध दुखायच्या वेळेला घेतात ना?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आरोग्यासाठी सकाळ चांगली असेल, पण मला तेव्हा आरोग्य कमवायचं नव्हतं, दीड तास काढायचा होता.

मग व्यायाम संध्याकाळवर नेला. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंतींचं हुतात्मा स्मारक आहे, तिथवरचा चढ. एकट्याने जायचं नाही, असं ठरलं. कारण संध्याकाळी डोंगराच्या आडोशाला बसणारेही असतात, वाटेवर रिकाम्या बाटल्या दिसतात, आणि माझ्यासारख्याला रिकामी बाटलीही पुरते. फॉलोअपच्या गटातले दोघे बरोबर घेतले. एक रिक्षावाले काका, पिऊन बारा गावचं पाणी प्यालेले, आणि एक बँकेतला क्लार्क. सहा पंचविसाला काकांची रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि हॉर्न वाजायचा. त्या हॉर्नने जेवढं काम केलं तेवढं चढाने केलं नसेल.

ओढ येते तेव्हा वाटतं ही आता वाढतच जाणार, प्यायल्याशिवाय थांबणार नाही. ते खरं नसतं. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत. मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं की ही चढाई आहे. दम संपला की तिला मध्यरेषेपलीकडे परत जावंच लागतं, आपण तोवर पकडीत जायचं नाही. चालण्याचा उपयोग एवढाच की ती वीस मिनिटं सरताना पायांना काम असतं आणि पाय दुकानाच्या उलट दिशेला चाललेले असतात. छाती भरून आली की मनातला वकीलही गप्प होतो. चढावर वाद घालता येत नाही.

सिगारेटच्या बाबतीत याचा शास्त्रशुद्ध तपास झालेला आहे. तेव्हा इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठात असलेले संशोधक ॲड्रियन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दहा-पंधरा मिनिटं भरभर चाललं तरी त्या वेळची तलफ कमी होते आणि पुढची सिगारेट लांबते. पण याच विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा निव्वळ व्यायामामुळे जास्त लोकांची सिगारेट कायमची सुटते, असं काही ठामपणे सिद्ध झालं नाही. मला हे दोन्ही पटतं. व्यायाम आजची संध्याकाळ काढून देतो. उद्याची संध्याकाळ उद्या काढायची. माझी तंबाखू मात्र चालण्याने सुटली नाही. चढ संपला की काका पुडी काढायचे आणि आम्ही तिघे मळत बसायचो. ती वर्षभराने, वेगळ्या उपायांनी गेली.

मेंदूतही काही बदलतं म्हणतात. नशेने मेंदूतले डोपामिन, म्हणजे गोडी लावणारं रसायन, पकडणारे रिसेप्टर कमी होतात, म्हणून सुरुवातीचे महिने कशातच गोडी वाटत नाही. पोराचा वाढदिवस असो की क्रिकेटची मॅच, सगळं सपाट. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात मेथ या नशेतून बाहेर पडणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१६ साली छापून आला. आठ आठवडे व्यायाम केलेल्यांच्या मेंदूत हे रिसेप्टर वाढलेले दिसले, नुसते वर्ग ऐकणाऱ्यांत तेवढे नाहीत. माणसं मोजून १९, त्यामुळे त्यावर फार उड्या मारू नयेत. पण कितीतरी महिन्यांनी एका संध्याकाळी चार भिंतींपाशी कणीस खाताना मला ते गोड लागलं, हे मला आठवतं. मी काकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "मीठ जास्त आहे."

आता उलट बाजू. मी मुळात अतिरेकी माणूस. थोडं जमायला लागलं तसं चालण्याचं पळणं झालं, पळण्याचं वेड झालं. साताऱ्याची हिल मॅरेथॉन प्रसिद्ध आहे, यवतेश्वरच्या घाटात चढत जायचं आणि परत उतरायचं, एकवीस किलोमीटर. ती करायचीच, असं डोक्यात घेतलं. पहाटे पळायचो, संध्याकाळी पळायचो, रविवारी घाटात. बुटांवर पगार गेला. घड्याळात किलोमीटर बघितल्याशिवाय जेवण जाईना. एक दिवस बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "पीत होता तेव्हा घरात नव्हता. आता पळता तेव्हाही नाही. आमच्या वाट्याला कधी येणार?"

ताईंनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. एक वेड काढून दुसरं बसवलं की काही काळ बरं चालतं, पण ते दुसरं वेड बंद पडलं तर काय, हा प्रश्न उरतो. तो प्रश्न लगेचच समोर आला. उतारावर घोटा मुरगळला, प्लास्टर पडलं. साडेसहा वाजले आणि मी खाटेवर, पाय उशीवर, घर शांत. त्या दिवशी मला केंद्रातल्या पहिल्या आठवड्याइतकी ओढ लागली. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. काका आणि क्लार्क आत आले, काकांच्या काखेत कॅरम. प्लास्टर निघेपर्यंत साडेसहा ते आठ कॅरम चालला. बसल्या बसल्या मी हाताला डंबेल म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्यायचो, तो काकांचा हट्ट. चढ नाही, घाम नाही, तरी ती वेळ निघाली. म्हणजे आधीही नुसत्या चढाने निघत नव्हती, हे मला कळलं. ठरलेली वेळ आणि दारात येणारी माणसं हा त्यातला मोठा भाग होता.

मॅरेथॉन मी पुढे धावलो. पूर्ण केली, वेळ सांगण्यासारखी नाही.

आमच्या गटात एक तरुण होता, जिमवाला. शरीर असं कमावलं की ओळखू येईना. त्याने डॉक्टरांची गोळी परस्पर बंद केली. म्हणे, "आता बॉडी क्लीन आहे, केमिकल कशाला?" फॉलोअपला यायचंही बंद केलं. जिममधल्या मित्राच्या हळदीला गेला आणि स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला. माझी स्वतःची गोळी, जी घेतल्यावर दारू पोटात गेली तर माणूस लाल होऊन उलट्या करतो ती, बायको रोज सकाळी हातावर ठेवायची आणि समोर गिळायला लावायची. किल्ला चढतो म्हणून तिने ती कधी चुकवली नाही. व्यायाम हा उपचारांबरोबर चालतो, उपचारांच्या जागी बसत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असं निघालं होतं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्यांना पाठवायला आपल्याकडे फॉरवर्ड केलेले व्यायामाचे व्हिडिओ भरपूर आहेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो. त्या व्हिडिओखाली हा नंबर तरी टाकत चला.

गेल्या वर्षी गावातल्या मंडळाने मला पोरांना शिकवायला बोलावलं. मी आधी नाही म्हटलं. मग वाटलं, जिथे शिकलो तिथेच काही करता आलं तर बघू. आइसलँड देशाचं उदाहरण मी वाचलं होतं. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के पोरं महिन्यातून निदान एकदा पिऊन तर्र व्हायची, २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे याची गोष्ट 'खेळाची मैदानं दिली आणि पोरं सुधारली' एवढीच सांगतात. खरं तर त्यांनी मैदानांबरोबर बरंच केलं. खेळाच्या आणि कलेच्या वर्गांना कुटुंबांना पैशांची मदत, पोरांनी रात्री उशिरा बाहेर राहायचं नाही असा कायदा, पालकांनी पोरांबरोबर जास्त वेळ काढायचा अशी शाळांमधून बांधणी, आणि दरवर्षी पोरांनाच प्रश्न विचारून परिस्थिती तपासणं. मैदान त्यातलं एक.

आमच्याकडे एवढं कुठून होणार. मी मंडळाला दोनच अटी घातल्या. सरावाला थोरल्यांनी तंबाखू मळत रेषेवर बसायचं नाही, आणि सामन्यानंतरच्या जेवणात सोय नाही. पहिली अट चटकन मान्य झाली. दुसरीवर देवळात बैठक बसली, आवाज चढले. एक जण म्हणाला, "तुला सोसली नाही म्हणून पोरांनी काय पाप केलंय?" शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला की जेवण मंडळाचं, त्यात दारू नाही, ज्याला प्यायचीय त्याने आपल्या पैशाने आपल्या घरी प्यावी. तालुक्याचा पहिला सामना जिंकल्यावर आम्ही मिसळ खाल्ली आणि साडेनऊला पोरं घरी पोचती केली. दोघे जण तेवढ्यासाठी शेजारच्या गावच्या संघात गेले. त्यातला एक चांगला चढाईपटू होता आणि पुढच्या फेरीत त्यानेच आम्हाला हरवलं.